ठिणगी नेमकी केव्हा?

"इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं तर गाडीचा पिकअप वाढेल का?" वडिलांची किंवा आजोबांची गाडी जपून ठेवलेली माणसं हा प्रश्न हमखास विचारतात. किट बाजारात मिळतं, बसवायला फार वेळ लागत नाही, आणि बसवल्यावर गाडी सकाळी पटकन चालू होते हेही खरं. तरी या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही. ठिणगी किती जोरदार पडते हा एक प्रश्न आणि ती केव्हा पडते हा दुसरा. किट मुख्यतः पहिल्याचं उत्तर देतं. पिकअप नसणं, इंजिन तापणं, घाटात टकटक आवाज येणं या तक्रारींचं मूळ मात्र बहुतेक वेळा दुसऱ्यात असतं.

उदाहरणाला पद्मिनी घेऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आधी फियाट ११०० या नावाने आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने ही गाडी तयार झाली. चार सिलिंडर, १०८९ सीसी, अगदी साधं इंजिन. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. टॅक्सी होती तोवर नुसत्या कानाने टायमिंग लावणारे मिस्त्री नाक्यानाक्यावर भेटत. आता ते विरळ झाले आहेत. म्हणून गाडी ठेवणाऱ्याने हा विषय स्वतः समजून घेतला पाहिजे.

१. ठिणगी आधी का टाकायची?

पिस्टन वर येताना हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबतो, प्लगवर ठिणगी पडते, मिश्रण पेटतं आणि पिस्टन खाली ढकलला जातो. हे वाचून कोणालाही वाटेल की पिस्टन अगदी वर पोचला की ठिणगी पडत असणार. तसं होत नाही. सगळं मिश्रण एका क्षणात पेटत नाही. ज्योत प्लगपाशी जन्मते आणि तिथून पसरत जाते. दाब शिगेला पोचायला काही मिलिसेकंद जातात. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. आपल्याला तो नगण्य वाटतो, पण फिरणाऱ्या इंजिनाला तो मोठा काळ असतो.

दाब शिगेला पोचायचा तो कुठे? सायकलचं पेडल अगदी वर उभं असताना त्यावर कितीही भार टाका, सायकल हलत नाही. पेडल जरा पुढे कललं की तेवढ्याच भाराने ती निघते. क्रँकशाफ्टचंही हेच आहे. पिस्टन सर्वांत वर असतो त्या जागेला गॅरेजमध्ये टीडीसी म्हणतात. टीडीसी ओलांडून क्रँक साधारण १५ अंश पुढे गेला असताना दाब शिगेला असेल, तर त्या पेट्रोलातून सर्वाधिक काम मिळतं.

आता हिशेब करू. गाडी उभ्याने सुरू आहे आणि क्रँक मिनिटाला ८०० फेऱ्या घेतोय. म्हणजे सेकंदाला ४,८०० अंश, मिलिसेकंदाला ४.८ अंश. ठिणगीपासून दाब शिगेला पोचायला समजा ५ मिलिसेकंद लागले, तर तेवढ्यात क्रँक २४ अंश फिरतो. दाब टीडीसीनंतर १५ अंशांवर हवा असेल, तर ठिणगी टीडीसीच्या ९ अंश आधी पडायला हवी. आता इंजिन ३,००० फेऱ्यांवर न्या. क्रँक मिलिसेकंदाला १८ अंश फिरू लागतो. वेगामुळे आत येणारी हवा जास्त घुसळते, ज्योत लवकर पसरते, आणि ५ ऐवजी अडीच मिलिसेकंद पुरतात. तरी त्या अडीच मिलिसेकंदांत क्रँक ४५ अंश जातो. म्हणजे ठिणगी ३० अंश आधी हवी. हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण खऱ्या इंजिनापासून फार लांबचे नाहीत.

ठिणगी आधी सरकवणं म्हणजे अ‍ॅडव्हान्स, उशिराकडे सरकवणं म्हणजे रिटार्ड. वरच्या हिशेबातून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. टायमिंग हा एकच आकडा नसतो. वेगाबरोबर तो बदलत जातो, आणि त्या बदलण्याची रीतच गाडीचा स्वभाव ठरवते.

२. वजनं आणि स्प्रिंगा

सुरुवातीच्या मोटारींत हा बदल ड्रायव्हर हाताने करी. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये स्टिअरिंगच्या डावीकडचा दांडा ठिणगीचा होता. हँडल मारून गाडी चालू करताना तो मागे घ्यायचा, वेग घेतला की पुढे. मागे घ्यायला विसरलं तर इंजिन उलटा झटका देई आणि मनगट मोडे.

पद्मिनीच्या काळातल्या गाड्यांत हे काम ठिणगी एकेका प्लगकडे पाठवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या पोटात आपोआप होतं. पॉइंट म्हणजे उघडला की ठिणगी पाडणारा स्विच. त्याच्या तबकडीखाली दोन छोटी वजनं असतात, त्यांना दोन स्प्रिंगांनी आवरून धरलेलं असतं. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि पॉइंट उघडणारा कॅम थोडा पुढे फिरवतात. पॉइंट आधी उघडतात, ठिणगी आधी पडते.

इथे एक हिशेब पुष्कळांचा चुकतो. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्यामुळे वजनांनी कॅम १० अंश पुढे नेला, तर क्रँकच्या मापात ते २० अंश होतात. ल्युकास कंपनीच्या पुष्कळ डिस्ट्रिब्युटरांत वजनांच्या पट्टीवर हा आकडा ठोकलेला असतो. तिथे १० असेल आणि गाडी उभ्याने १० अंशांवर लावली असेल, तर वेगात एकूण टायमिंग १० अधिक २० म्हणजे ३० अंश होईल.

जुन्या गाडीतला खरा बिघाड बरेचदा याच पोटात सापडतो. तेल न मिळाल्याने वजनांच्या खुंट्या गंजतात, वजनं जागीच अडकतात, आणि ३० अंश हवेत तिथे इंजिनाला १० मिळतात. गाडी उभ्याने छान चालते, पण महामार्गावर तिला दम राहत नाही. उलट स्प्रिंगा सैल पडल्या की सगळा अ‍ॅडव्हान्स फार लवकर येतो आणि चढावर इंजिन ठोकतं. मात्र दोन स्प्रिंगांपैकी जाड स्प्रिंग खुंटीवर थोडी सैल दिसली तर ती बिघडली असं समजू नका. पुष्कळ डिस्ट्रिब्युटरांत ती मुद्दाम सैल ठेवलेली असते. आधी पातळ स्प्रिंग एकटी काम करते, वेग वाढल्यावर जाड स्प्रिंग तिला येऊन मिळते. ती वाकवून घट्ट केलेली गाडी पुढे कितीही टायमिंग लावलं तरी नीट चालत नाही.

तपासणी सोपी आहे. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा, तिच्याखालचा रोटर हाताने त्याच्या फिरण्याच्या दिशेने पिळा आणि सोडा. तो थोडा फिरून चटकन परत आला पाहिजे. रेंगाळला तर खाली साफसफाई हवी. रोटरखाली नमद्याचा तुकडा असेल तर त्यावर इंजिन ऑइलचे दोन थेंब टाका. पंधरावीस वर्षं कोणी ते टाकलेलं नसतं.

३. हलक्या पायाचा अ‍ॅडव्हान्स

सपाट रस्त्यावर एक्सलेटर जेमतेम दाबलेला असतो. अशा वेळी सिलिंडरमध्ये मिश्रण कमी भरतं, त्यामुळे ते हळू जळतं आणि ठिणगी आणखी आधी हवी असते. काही गाड्यांच्या डिस्ट्रिब्युटरला यासाठी पडदा असलेली एक गोल डबी जोडलेली असते. अ‍ॅम्बॅसिडरमध्ये ती दिसते. कार्ब्युरेटरकडून येणारी बारीक नळी डबीतली हवा ओढते, पडदा खेचला जातो आणि पॉइंटची तबकडी फिरते. चढावर पाय खाली दाबला की ओढ संपते आणि जादा अ‍ॅडव्हान्स मागे जातो. पडदा फाटला तर गाडी बंद पडत नाही, फक्त पेट्रोल जास्त खाते, म्हणून हा दोष वर्षानुवर्षं लपून राहतो. नळी तोंडात धरून हवा ओढा. तबकडी हलली आणि ओढ टिकली तर पडदा शाबूत आहे.

४. ठोकणं, तापणं आणि आजचं पेट्रोल

ठिणगी फार आधी पडली तर दाब पिस्टन वर येत असतानाच वाढतो. ज्योत पोचण्याआधी कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपणहून पेटतं. खंडाळ्याच्या चढावर टॉप गियरमध्ये रेटताना ऐकू येणारी बारीक टकटक ती हीच. ती बराच काळ चालू दिली तर पिस्टन खराब होतो.

उशिरा पडलेल्या ठिणगीचा आवाज येत नाही, म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. जळणं लांबतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही वायू तापलेलेच असतात. ते हेडमधून बाहेर जाताना आपली उष्णता हेडमधल्या पाण्याला देतात, आणि टेंपरेचरचा काटा चढतो. मग रेडिएटर साफ होतो, थर्मोस्टॅट बदलतो, पंखा मोठा बसतो. जुनी गाडी तापते असं कोणी सांगितलं की माझ्या मते रेडिएटरला हात लावण्याआधी टायमिंग पाहावं. त्यात खर्च काहीच नाही.

पेट्रोल ठोकण्याला किती विरोध करतं याचं माप म्हणजे ऑक्टेन. जनरल मोटर्समध्ये चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली काम करणाऱ्या थॉमस मिजली यांनी १९२१ साली शिशाचं एक संयुग शोधलं, ते पेट्रोलात घातलं की ठोकणं थांबे. त्या शिशाने जगभरच्या हवेत विष कालवलं. भारतात ते फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झालं. हल्ली पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलचं ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बरंच जास्त, त्यामुळे ठोकण्याची भीती कमी होते. पण इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन आणतं. साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या कार्ब्युरेटरमधून मग मिश्रण पातळ जातं, आणि पातळ मिश्रण हळू जळतं. म्हणून जुन्या मॅन्युअलमधला आकडा सुरुवात म्हणून घ्या. आजच्या पेट्रोलावर एकदोन अंश इकडेतिकडे करून पाहण्यात काही गैर नाही. कार्ब्युरेटरचा जेट आणि पेट्रोलचे रबरी पाइप तपासणं मात्र त्याआधी यायला हवं.

या गाड्यांची एक खुबी सांगून ठेवतो. त्यांचं कॉम्प्रेशन सात-आठपटीच्या आसपास, आजच्या गाड्यांपेक्षा बरंच कमी. त्यामुळे टायमिंग गरजेपेक्षा पुढे गेलं तरी त्या लगेच ठोकत नाहीत. आवाज येत नाही एवढ्यावरून टायमिंग बरोबर आहे असं धरू नये.

५. पॉइंट काढून किट घालावं का?

पॉइंट, कॉइल आणि कंडेन्सर ही रचनाही त्याच केटरिंग यांची. ती १९१० च्या कॅडिलॅकमध्ये आली आणि पुढे सत्तरएक वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या तिच्यावर धावल्या. पॉइंट बंद असताना बॅटरीचा करंट कॉइलमध्ये भरतो. कॅमचा उंचवटा पॉइंट उघडतो, करंट तुटतो, आणि त्या झटक्यात कॉइलच्या दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्ट उठून प्लगकडे जातात.

या रचनेची अडचण घासण्यात आहे. पॉइंटची टाच कॅमवर सतत घासते आणि झिजते. टाच झिजली की पॉइंटमधलं अंतर कमी होतं. अंतर कमी झालं की पॉइंट उशिरा उघडतात. म्हणजे पॉइंट झिजणाऱ्या गाडीचं टायमिंग आपोआप रिटार्ड होत जातं, रोज थोडं थोडं, ड्रायव्हरला कळणार नाही असं. म्हणूनच आधी फिलर गेजने अंतर आणि मग टायमिंग हा क्रम कधी उलटा करायचा नसतो. टायमिंग लावून नंतर अंतर बदललं तर आधीची मेहनत वाया जाते.

शाफ्टचा बुश झिजला असेल तर आणखी एक दुखणं येतं. शाफ्ट डुलतो, प्रत्येक सिलिंडरला पॉइंटचं अंतर वेगळं पडतं, आणि चारही ठिणग्या चार वेगवेगळ्या अंशांवर पडतात. ठिणगीबरोबर लखलखणाऱ्या टायमिंग लाइटमध्ये पुलीवरची खूण थरथरताना दिसते. रोटर बोटांत धरून आडवा हलवा. खेळ जाणवला तर बुश गेला.

किट पॉइंटच्या जागी एक छोटं मॉड्यूल बसवतं आणि कॅमवर चुंबकांची कडी घालतं. चुंबक समोरून गेला की मॉड्यूलला ते कळतं आणि ते करंट तोडतं. घासणारं काही नसल्याने एकदा लावलेलं टायमिंग जागेवर राहतं. थोडा झिजलेला बुशही कमी जाचतो. जास्त वेगातही कॉइल नीट भरावी अशी सोय काही किटांत असते. ३,००० फेऱ्यांवर चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला १०० ठिणग्या पडतात, म्हणजे एका ठिणगीच्या वाट्याला १० मिलिसेकंद. पॉइंट त्यातला साधारण दोन तृतीयांश वेळ बंद असतात. शहरात हे पुरतं. वेग वाढत गेला की हा वेळ आटत जातो आणि ठिणगी कमजोर होते.

मात्र वजनं आणि स्प्रिंगा तशाच राहतात, कारण किट त्यांच्या वर बसतं. वजनं अडकलेल्या डिस्ट्रिब्युटरवर महागडं किट घातलं, तर चुकीच्या वेळी पडणारी ठिणगी आता न चुकता चुकीच्याच वेळी पडेल. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. डिस्ट्रिब्युटर निरोगी असेल तर किटने सातत्य येईल, सकाळचं स्टार्टिंग सुधारेल, देखभाल घटेल. इंजिनाची ताकद मात्र मूळ गाडीपेक्षा विशेष वाढणार नाही. किट घातल्यावर ज्यांना पिकअप वाढल्यासारखा वाटतो, त्यांच्या गाडीचं टायमिंग बहुधा त्या निमित्ताने कित्येक वर्षांनी नीट लावलं गेलेलं असतं.

घेण्याआधी तीन गोष्टी पाहा. पहिली, बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलंय. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या पुष्कळ ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला असे. उलटं जोडलं तर मॉड्यूल जळतं. दुसरी, कॉइलचा रोध. जोडरोध (बॅलास्ट रेझिस्टर) नसलेल्या १२ व्होल्टच्या जुन्या कॉइलचा रोध साधारण ३ ओम असतो, म्हणजे करंट ४ अँपिअर. किट त्यासाठी असेल आणि कोणी १.५ ओमची कॉइल घातली, तर करंट दुप्पट होऊन मॉड्यूल तापतं. तिसरी, सवय. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवून गाणी ऐकत बसू नका. बरीच साधी मॉड्यूल अशाने जळतात.

गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी असेल आणि २०२१ च्या नियमांनुसार तिची विंटेज म्हणून नोंदणी करायची असेल, तर मूळ रूप जपण्याला महत्त्व आहे. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपखाली लपणारं आणि परत काढता येणारं किट अशा गाडीला बरं. पूर्ण डिस्ट्रिब्युटर बदलून टाकणारा उपाय मला पटत नाही.

६. टायमिंग लावताना

प्लग साफ, पॉइंट असतील तर अंतर मॅन्युअलप्रमाणे, इंजिन गरम, आणि हँडब्रेक ओढलेला. पुलीवरची खाच आणि तिच्यासमोरच्या खुणा घासून पुसून खडूने पांढऱ्या करा. खुणा झिजल्या असतील तर स्वतः करता येतात. पुलीचा व्यास १५० मिमी असेल तर परिघ ४७१ मिमी. त्याला ३६० ने भागलं की एका अंशाला १.३१ मिमी. टीडीसीच्या खुणेपासून मोजपट्टीने १३ मिमीवर १० अंश आणि ३९ मिमीवर ३० अंश. पुली कोणत्या दिशेने फिरते ते पाहूनच बाजू ठरवा, नाहीतर खूण टीडीसीच्या पलीकडे पडेल.

पॉइंटची गाडी बंद असतानाही लावता येते. एक नंबर सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवा आणि इंजिन हाताने फिरवा. हवा अंगठा ढकलू लागली की कॉम्प्रेशनचा स्ट्रोक आला. खाच मॅन्युअलमधल्या अंशावर आणून थांबा. कॉइल आणि पॉइंटच्या तारेला एक टेस्ट लॅम्प लावून त्याचं दुसरं टोक बॉडीला द्या, चावी चालू करा. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करून तो रोटरच्या फिरण्याच्या उलट दिशेने हळूहळू फिरवा. दिवा लागला तो क्षण म्हणजे पॉइंट उघडण्याचा क्षण. तिथेच बोल्ट आवळा.

मग टायमिंग लाइट. हलक्या पायाच्या अ‍ॅडव्हान्सची डबी असेल तर तिची नळी काढून नळीचं तोंड बंद करा, इंजिन उभ्याच्या वेगावर ठेवा आणि खूण पाहा. हा दिवा फॅनच्या पात्यांनाही स्थिर दाखवतो, म्हणून बाही, तार आणि बोटं लांब ठेवा. यानंतरची पायरी पुष्कळ गॅरेजांत गाळली जाते, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. इंजिन ३,००० फेऱ्यांवर न्या आणि एकूण अ‍ॅडव्हान्स वाचा. उभ्याने १० आणि वर ३० आला तर वजनं ठीक. वरही १२-१३ च असेल तर डिस्ट्रिब्युटर उघडा. उभ्याने गाडी गोड चालावी म्हणून कोणी १६ वर लावली असेल, तर वर ३६ होतात आणि घाटात ते महागात पडतं. दोन्ही आकड्यांत ओढाताण झाली तर वरचा आकडा जपा.

शेवटी रस्त्यावर न्या. चढ, टॉप गियर, एक्सलेटर पूर्ण. ठोकलं तर दोन अंश मागे. ठोकलं नाही, तरी मॅन्युअलच्या पुढे फार जाऊ नका. आलेले दोन्ही आकडे, तारीख आणि पॉइंटचं अंतर बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या मिस्त्रीला पहिल्यापासून अंदाज घ्यावा लागणार नाही.

आणि किट बसवलंच, तर काढलेले पॉइंट, कंडेन्सर आणि ते बसवणारे स्क्रू भंगारात देऊ नका. एका पिशवीत फिलर गेजसकट घालून डिकीत ठेवा. मॉड्यूल वाटेत गेलं तर ते रस्त्याकडेला दुरुस्त होत नाही. पॉइंट मात्र अर्ध्या तासात परत बसतात आणि गाडी आपल्या पायांनी घरी येते.